गाणं गुडघ्यांनी ऐकायचं असतं

गाणं ऐकायला कान लागतात, हा खुर्चीचं तिकीट काढणाऱ्यांचा समज. डिसेंबरात पुण्यात सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाला जोडीनं भारतीय बैठकीत बसून बघा. कान चारही शाबूत असतात. प्रश्न चार गुडघ्यांचा असतो.

त्यात आमच्याकडे बेत आखायचं खातं नवऱ्याकडे. "जातोच आहोत तर अख्खा दिवस फिरू." म्हणजे सकाळी मिसळ, मग केळकर संग्रहालय, मग तुळशीबाग, जेवण आणि गाणं. मिसळीला माझी ना नाही, दुसऱ्यांदा मागितलेल्या सँपलला आहे. नऊ वाजता ओरपलेला तो कट, दुपारी मांडी घालून पोट दुमडलं की आपली तान सुरू करतो. एक प्लेट, दोन स्लाइस, वरून ताक, आणि उठायचं. दुपारी थाळीही नको. भारतीय बैठकीत पुरणपोळी पचत नाही, नुसती पेंगते.

केळकर संग्रहालय मात्र गाळू नये. तिथलं वाद्यांचं दालन बघितलं की संध्याकाळी तंबोऱ्याकडे नजर जरा आदराने जाते. फक्त जिने फार. कोथरूडचा मस्तानी महाल उचलून इथे आणून बसवलाय. तो एवढा महाल हलला, पण आमचे हे त्याच्यासमोरून हलत नाहीत. गुडघ्यांची निम्मी शिल्लक तिथेच खर्च होते. तुळशीबागेत घ्यायचं ते कापडी पिशवीत मावेल एवढंच, आणि न वाजणारं. वेफर्सचं पाकीट घरातून निघाल्यापासून गप्प असतं, ते नेमकं आलापीत तोंड उघडतं.

महोत्सव मुकुंदनगरला भरतो; तुळशीबागेतून दुचाकीने तिथे जायचं धाडस करू नका. मंडईला मेट्रोत बसलं की पुढचं स्थानक स्वारगेट. तिथून रिक्षा, किंवा पाय अजून आपले असतील तर चालत.

आता बैठक. सोलापुरी चादर चौघडी करून, वर एक कडक उशी. मऊ नको, तासाभरात तिची पोळी होते. उशी मांडीखाली घ्यायची नाही, बुडाखाली घ्यायची. बूड गुडघ्यांपेक्षा वर राहिलं तरच कंबर ताठ राहते. स्वेटर आणि मफलर दुपारी ओझं वाटतात, रात्री आठनंतर त्यांच्यावरून भांडण होतं. म्हणून शाली दोन घ्याव्यात. एकीत दोघं, हे चित्रात बरं दिसतं.

पायाला मुंग्या येईपर्यंत थांबायचं नाही. मुंग्या आल्या की उशीर झाला. मग तो पाय दुसऱ्याचा असल्यासारखा दोन्ही हातांनी उचलून ठेवावा लागतो. पण मांडी बदलायची कधी? समेवर, म्हणजे तालाचं चक्र फिरून जिथे सुरू होतं त्या पहिल्या मात्रेवर. विलंबित, म्हणजे संथ, एकतालाच्या बारा मात्रा असतात आणि ठाय लयीत असं एक चक्र मिनिटभर घेतं. तबल्याच्या ठेक्यात 'तिरकिट' असं दोनदा वाजतं. पहिलं चौथ्या मात्रेला; त्याला फसू नका. दुसरं दहाव्या मात्रेला. ते ऐकलं की तयारीला लागायचं, हातात दहा-पंधरा सेकंद असतात. गवई समेवर आला की सगळा मांडव मान डोलावतो, शंभर तोंडांतून 'वा' निघतं, आणि त्या गजरात तुमच्या सांध्याचा कट्ट आवाज विरून जातो. शेजाऱ्यांना वाटतं, बाई फार समजून ऐकताहेत. नवरा पहिल्या तिरकिटालाच हलतो. मग त्याच्या गुडघ्याला सगळे दाद देतात.

चहाचंही गणित असंच. विलंबित संपून जलद द्रुत सुरू होतं तेव्हा गाणं संपलेलं नसतं. तेव्हा उठणाऱ्याकडे लोक लग्नातून अक्षता पडायच्या आधी निघालेल्या पाहुण्यासारखे बघतात. एक कलाकार उतरून दुसरा बसेपर्यंतचा वेळ खरा, पण तेव्हा सगळा मांडवच वड्याच्या रांगेत असतो. घाबरू नका. गारव्याने तंबोऱ्याच्या तारा आखडून चढतात, दमट हवेने तबल्याची पुडी उतरते, त्यामुळे जुळवाजुळव लांबते. हातोडीचा आवाज येतोय तोवर दुसरा वडा सांगायला हरकत नाही.

1953 साली पंडित भीमसेन जोशींनी गुरू सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ हा महोत्सव सुरू केला. पूर्वी रमणबाग शाळेच्या मैदानावर तो रात्र रात्र चालायचा, आणि पहाटेचा ललत राग तिथे ऐकलेले लोक तो अजून आपल्याला ऐकवतात. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 साली आले आणि रात्री दहाचा काटा बसला. एखाद्या दिवशी बारापर्यंत सूट मिळते. मध्यरात्रीच्या रागांचं त्यामुळे नुकसान झालं, हे खरंच. गुडघ्यांचं मत वेगळं आहे.

शेवटची भैरवी झाली की लगेच उठू नये. आधी पाय पसरावेत, घोटे फिरवावेत, पिशवीतून चपला काढाव्यात, मग एकमेकांच्या खांद्याला धरून निम्मं उठावं, थांबावं, उरलेलं उठावं. नवरा निम्म्यावर असताना विचारतो, "पुढच्या वर्षी खुर्ची घ्यायची का?" आणि त्याच क्षणी त्याचा गुडघा वाजतो. आता सम नसते. मागच्या तीन ओळी वळून बघतात.