दात, आतडी, घाम: माणूस जन्मतः शाकाहारी ठरतो का?

माणूस निसर्गतःच शाकाहारी असल्याचे 'शास्त्रीय पुरावे' मांडणारा एक संदेश वर्षानुवर्षे समाजमाध्यमांवर फिरतो आहे. मांसाहारी प्राणी जिभेने पाणी पितात, जिभेनेच घाम गाळतात, त्यांची पिल्ले डोळे मिटलेली जन्मतात, त्यांचे सुळे मोठे आणि आतडी आखूड असतात. शाकाहाऱ्यांचे सारे याच्या उलट असते आणि माणूस या दुसऱ्या गटात बसतो, असे त्याचे म्हणणे. मांस न खाण्यामागे नीतीची, श्रद्धेची किंवा पर्यावरणाची सबळ कारणे असू शकतात आणि त्यांना दातांच्या साक्षीची गरज नाही. पण प्राणिशास्त्राचा हवाला दिला की तो तपासावा लागतो.

कुत्र्या-मांजरांच्या तोंडाची फट गालांत बरीच मागे गेलेली असल्याने त्यांना ओठ मिटून पाणी ओढता येत नाही, म्हणून ती लपलप करतात. मात्र ससा आणि उंदीरही जिभेनेच पाणी पितात. फळांवर जगणारे मोठे वटवाघूळ तर उडता उडता पाण्याला पोट घासते आणि मग फांदीला लटकून ओले केस चाटते; त्याला कोणत्या पंगतीला बसवायचे?

पिल्लांच्या डोळ्यांचा मुद्दा दोन उदाहरणांत निकालात निघतो. पाळीव सशाची पिल्ले आंधळी आणि केसांविना जन्मतात, तर आफ्रिकेतल्या ठिपकेदार तरसाची पिल्ले उघड्या डोळ्यांनी, तीही दात घेऊनच. राहिला घाम. जीभ घाम गाळतच नाही. धापा टाकताना तोंडातला ओलावा उडून शरीर थंड होते आणि मेंढ्याही हेच करतात. म्हशीच्या कातडीत घामग्रंथी गायीपेक्षा कमी असतात, म्हणून उन्हाळ्यात ती डबके सोडायला तयार नसते.

सुळ्यांचे प्रकरण अधिक रंजक आहे. सह्याद्रीतल्या भेकराच्या नराचे वरचे सुळे ओठांबाहेर डोकावतात आणि ते प्रतिस्पर्ध्याला जखमी करण्यासाठी असतात, शिकारीसाठी नव्हेत. पाने खाणाऱ्या वानराच्या नरालाही चांगलेच लांब सुळे असतात, आणि त्याच्या जठरात पाने आंबवण्यासाठी वेगळे कप्पे असतात, जे आपल्या जठरात नाहीत. उलट पांडा अस्वलांच्या कुळातला. त्याची आतडी मांसाहाऱ्यासारखीच आखूड, तरी तो जवळजवळ केवळ बांबूवर जगतो आणि पचन कमी होत असल्यामुळे दिवसाचा बराच वेळ चघळण्यात घालवतो. म्हणजे एकेका अवयवावर आजच्या आहाराची, वंशाची आणि नरांच्या भांडणांचीही छाप असते.

आता आतडी. मांजरात त्यांची लांबी धडाच्या सुमारे चौपट, कुत्र्यात सहापट, घोड्यात बारापट आणि गायीत वीसपट असते. माणसाची लहान-मोठी आतडी मिळून साधारण साडेसात मीटर भरतात. पाय वगळून केवळ डोके आणि धड मोजले, तर हे प्रमाण आठ-नऊपट येते, म्हणजे कुत्रा आणि घोडा यांच्या मधले. आणि हा नियमही सर्वत्र चालत नाही, कारण मासे आणि माकूळ खाणाऱ्या दक्षिणी हत्ती-सीलचे लहान आतडे शरीराच्या सुमारे पंचवीसपट लांब असते.

लांबीपेक्षा बोलके असते ते आतड्यांच्या भागांचे प्रमाण. चिंपांझी आणि गोरिलाच्या पचनमार्गाचा निम्म्याहून अधिक भाग मोठ्या आतड्याने व्यापलेला असतो, कारण चिवट पाने आणि फळांच्या साली तिथे आंबतात; माणसात तो जेमतेम पाचवा हिस्सा असतो आणि निम्म्याहून अधिक जागा लहान आतडे घेते. अशी रचना पटकन पचणाऱ्या, सत्त्व दाटलेल्या अन्नाला सोयीची, मग ते शिजवलेले धान्य असो, कंद असो वा मांस. लाळेतले पिष्टमय पदार्थ फोडणारे विकर बनवणाऱ्या जनुकाच्या प्रती माणसात चिंपांझीपेक्षा जास्त असतात आणि पिष्टमय अन्नावर पिढ्यान्‌पिढ्या जगलेल्या समाजांत त्या आणखी वाढलेल्या आढळतात. मात्र याच देहाला लागणारे बी-१२ जीवनसत्त्व वनस्पती बनवत नाहीत. गायीला ते तिच्या पोटातले जिवाणू पुरवतात, आपल्याला ते दूध, अंडी, मांस किंवा गोळीतून घ्यावे लागते.