उंची नाही लिहिलीत?

परवा रात्री जागून एका रेझ्युमेचे चार केले. चार जाहिराती, चार तऱ्हा. एकीला ‘व्हेंडर डेव्हलपमेंट’ येणारा माणूस हवा, दुसरीला ‘सप्लायर मॅनेजमेंट’वाला. सोळा वर्षं परचेसमध्ये मी दोन्ही एकाच खुर्चीत बसून, एकाच फोनवर ओरडून केलं. पण हल्ली अर्ज आधी सॉफ्टवेअर चाळतं आणि त्याला जाहिरातीतलाच शब्द दिसावा लागतो. लेक म्हणाली, “बाबा, दोन कॉलम काढा, चौकटी काढा, त्यात त्याचा घोळ होतो.” काढल्या.

शनिवारी वॉक-इन इंटरव्ह्यू, म्हणून प्रिंट काढायला कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे गेलो. माझ्यापुढे एक मामी होत्या, भाच्याचा लग्नाचा बायोडेटा घेऊन. मशीनमधून माझा कागद आला, तो त्यांनीच उचलला. आणि वाचला. मोठ्याने.

“एकाच माणसाचे चार?”

“कंपनीप्रमाणे बदलावे लागतात.”

“आमच्या श्रीचा एकच आहे. चाळीस घरी फिरलाय.”

जमलं का, हे विचारायचं मी सौजन्याने टाळलं. त्यांनी तसलं काही टाळलं नाही.

“मधे चौदा महिने काय केलंत? आजारपण?”

“प्लांट बंद पडला.”

“मग ते कशाला लिहायचं! श्रीचा साखरपुडा मोडला, आम्ही लिहिलंय का? आणि उंची नाही लिहिलीत?”

मागे रांगेत कोणीतरी हसलं. झेरॉक्सवाला तर मान हलवून मामींना दुजोरा देत होता. काळ्या-पांढऱ्या पानाला पाच रुपये घेणारा माणूस!

लिओनार्दो दा विंचीनेही 1482 च्या सुमारास मिलानचा सत्ताधीश लुदोविको स्फोर्झा याच्यासाठी असाच अर्ज लिहिला होता. समोरच्याला लढाईची हौस, म्हणून आधी पूल, तोफा, सुरुंग. चित्रंही काढतो, हे पार शेवटी. त्याला मिलानमध्ये काम मिळालं. अर्थात तिथे मामी नव्हत्या.

खरं सांगू? चौदा महिन्यांचं त्यांनी विचारलं ते लागलं. प्लांट मी बंद पाडला नव्हता. पण प्रत्येक ठिकाणी खुलासा मीच द्यायचा.

घरी येऊन कागद मोजले, तर एक जास्तीचा. वर गणपती, खाली श्री. उंची पाच फूट आठ, कन्या रास, पगार माझ्या ‘अपेक्षित’पेक्षा तीन लाखांनी जास्त. नोकरी: ‘पुण्यात नामांकित कंपनीत’. बस्स, एवढंच.

तळाला मामींचा नंबर आहे. शनिवारचं काही जमलं नाही, तर फोन करून कंपनीचं नाव विचारीन म्हणतो.