दीड किलो पल्प

भाचीची बारावी झाली आणि आमच्याकडे घरगुती संसद भरली. तिला बी.कॉम. करायचंय, त्याला कुणाची ना नाही. पण जोडीला स्पॅनिश शिकायचंय, तेही सुट्टीतला छंद म्हणून नव्हे. तीन वर्षं, रीतसर, परीक्षा देऊन. भावोजी म्हणाले, "स्पॅनिश शिकून काय गणपतीपुळ्यात गाईड होणार?" सगळे हसले. मीही हसलो. मग मला माझा दीड किलो पल्प आठवला आणि मी गप्प बसलो.

तो किस्सा घरात कुणाला माहीत नव्हता. आता सांगूनच टाकतो.

रत्नागिरीजवळ आमचं छोटंसं कॅनिंग आहे. साका लागलेला (आतून पांढरा, स्पंजासारखा झालेला), डागी आंबा बाजूला काढायचा, उरलेल्याचा पल्प, म्हणजे गर, डब्यात भरायचा. बाहेर जातो तो 3.1 किलोच्या डब्यातून, एका कार्टनमध्ये सहा डबे. बहुतेक माल मुंबईच्या व्यापाऱ्यामार्फतच जातो, आमचं नावही त्यावर नसतं. काही वर्षांपूर्वी मात्र स्पेनच्या एका खरेदीदाराची थेट ईमेल आली. अर्धी इंग्रजी, अर्धी स्पॅनिश. पहिल्या खेपेला किती माल हवा, ते त्याने आकड्यात लिहिलं होतं: 1.500 किलो.

मी म्हटलं, काय नेमका माणूस आहे, ग्रॅमपर्यंत लिहितो. नमुना हवा असणार. 850 ग्रॅमचे दोन डबे कुरियरने पाठवून दिले. दोनशे ग्रॅम जास्तच, आपला कोकणी मोठेपणा.

स्पेनमध्ये हजाराच्या जागी टिंब देतात आणि दशांशाला स्वल्पविराम. त्याला दीड हजार किलो हवे होते, म्हणजे ऐंशीएक कार्टन. तो माझ्याकडून मालाचा भाव येण्याची वाट बघत होता आणि मी त्याला दोन डबे पाठवून 'कळवा कसा वाटला' म्हणत होतो. वर शहाणपणा असा की छाप पाडायला ईमेलचा विषय स्वतःच्या अकलेने स्पॅनिशमध्ये लिहिला: 'पुल्पो दे मांगो'. गराला स्पॅनिशमध्ये पुल्पा म्हणतात. पुल्पो म्हणजे ऑक्टोपस. त्याचं उत्तर आलं, फार सभ्य माणूस: आम्ही ऑक्टोपस घेतो, पण आंब्याचा अजून पाहिलेला नाही. तोवर त्याने माल दुसरीकडून उचलला होता.

आता यातली टिंबाची चूक मला कुठे शिकवली गेली असती? स्पॅनिशच्या क्लासात उनो, दोस, त्रेस शिकवतात, घड्याळ शिकवतात, हॉटेलात जेवण कसं मागवायचं ते शिकवतात. कॉमर्सच्या वर्गात कोटेशन शिकवतात, पण लाख-कोटींच्या स्वल्पविरामांसकट. दोन्ही वर्ग पहिल्या नंबराने पास झालेला पोरगाही त्या टिंबावर आपटला असता. आणि मेक्सिकोत गेलात तर तिथे दशांशाला आपल्यासारखंच टिंब! म्हणजे नुसती भाषा येऊन भागत नाही, कागद कुठल्या देशाचा आहे तेही बघावं लागतं. म्हणून माझं म्हणणं असं की या दोन गोष्टी एकाच टेबलावर, एकच बिल समोर ठेवून शिकवल्या पाहिजेत. सकाळी कॉमर्स आणि संध्याकाळी स्पॅनिश, मधल्या फटीतून माझ्यासारख्याचे ऐंशी कार्टन पडतात.

एक शब्द सांगतो, 'वेन्सिमिएन्तो'. हुंडीची, म्हणजे ठरल्या तारखेला पैसे द्यायच्या लेखी वायद्याची, मुदत भरते तीही वेन्सिमिएन्तो. दक्षिण अमेरिकेतल्या बऱ्याच देशांत डब्यावरची 'या तारखेपूर्वी वापरा' तीही वेन्सिमिएन्तो. स्पेनमध्ये अशा तारखेला दुसरा शब्द आहे, कादुसिदाद. पैसे कधी यायचे आणि माल कधी खराब व्हायचा, हे एकाच शब्दात असलं तर कुठली तारीख कुठली हे कळायला आधी हुंडी काय असते ते माहीत हवं. बिल ऑफ लेडिंगला, म्हणजे जहाजावर माल चढवल्याच्या पावतीला, 'कोनोसिमिएन्तो दे एम्बार्के' म्हणतात, शब्दशः 'माल चढवल्याचं ज्ञान'. भाषांतराच्या ॲपला विचारावं तर कधी बरोबर सांगतं, कधी ज्ञान पाजळतं. चुकलंय हे ओळखायला तो कागद आधी हातात घेतलेला लागतो.

आपल्याकडे हे शिकवतात ते इंग्रजीतून, आणि माझा मोठा राग त्यावर आहे. भाची सध्या ऑनलाइन शिकतेय, तिच्या शेजारी बसून मी दोन-चार तास ऐकले. 'मे गुस्ता एल मांगो' हे एक वाक्य मास्तर अर्धा तास समजावत होते. इंग्रजीत 'मी आंबा आवडतो' अशी रचना, स्पॅनिशमध्ये उलटी, आंबा कर्ता होतो, क्रियापद आंब्याप्रमाणे चालतं, वगैरे वगैरे. भाची मला म्हणाली, "मामा, 'मला आंबा आवडतो' एवढंच आहे रे." आंबे अनेक असले तर 'मला आंबे आवडतात', तिकडे 'मे गुस्तान लोस मांगोस'. संपलं! 'तू' आणि 'तुम्ही' यांतला फरक आपल्याला शिकवावा लागत नाही, तिकडे 'तू' आणि 'उस्तेद'. 'मी' न म्हणता 'आलो' म्हटलं की कळतं, तसंच तिकडेही. खणखणीत 'र' आपल्याकडे आहेच. मराठी पोराला निम्मी वाट घरूनच चालून आलेली असते आणि आपण त्याला इंग्रजीच्या घाटातून वळसा घालून नेतो.

शब्दांचं तर विचारू नका. आमचा सुतार बिजागरी बसवतो, स्पेनचा सुतार बिसाग्रा. आपण पगार घेतो, तिकडे 'पगार' म्हणजे पैसे चुकते करणं. हे शब्द आपल्याला मिळाले पोर्तुगीजांकडून, पण पोर्तुगीज आणि स्पॅनिश या सख्ख्या बहिणी. रायगड जिल्ह्यात कोर्लई किल्ल्याच्या पायथ्याशी आजही घरात पोर्तुगीजपासून झालेली स्वतःची बोली बोलणारी माणसं आहेत. आणि एक गंमत, 1580 ते 1640 स्पेन आणि पोर्तुगालचा राजा एकच होता. म्हणजे त्या साठ वर्षांत पोर्तुगीजांच्या ताब्यातलं चौल-रेवदंडा, आणि 1594 नंतर कोर्लईसुद्धा, कागदोपत्री स्पेनच्या राजाखाली. भावोजींना हे सांगितलं तर म्हणाले, "मग आता परत देऊ या का?"

असो. धंद्याकडे येतो. स्पॅनिश म्हटलं की लोक फक्त गिऱ्हाइकाचा विचार करतात. तो आहेच. आपल्या जेटीवर उतरतं ते म्हाकूल (स्क्विड) आपण घरी सुकं करतो नाहीतर कालवण, पण भारतातून बाहेर जाणाऱ्या म्हाकलांचं स्पेन हे जुनं आणि मोठं गिऱ्हाईक आहे. पण मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो प्रतिस्पर्धी. आंबा विकणारे मेक्सिको, पेरू, इक्वाडोर, कोलंबिया, सगळे स्पॅनिश बोलणारे. पेरूचा आंबा साधारण डिसेंबर ते मार्च निघतो. स्पेनमध्येच मालागाकडे आंबा होतो, तो सप्टेंबर-ऑक्टोबरात. पेरूत पीक कसं आहे, फळ ताजं जातंय की कारखान्यात, हे तिथल्या बातम्यांत आमचा मोहोर पुरता धरायच्या आधी छापून आलेलं असतं. पण स्पॅनिशमध्ये. आम्ही मात्र मे उजाडला की दलाल फोनवर काय सांगतो त्यावर विसंबून. हापूसला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आम्ही पेढे वाटले. त्या मानांकनाचा अर्थ परक्या खरेदीदाराला त्याच्या भाषेत चार ओळींत सांगू शकेल असं माणूस आमच्या सगळ्या गोतावळ्यात एक नाही.

उलट बाजूही सांगतो, नाहीतर भाची म्हणेल मामा विकायलाच बसला. नुसती स्पॅनिश घेऊन बी.ए. करायचं तर हैदराबाद, दिल्लीसारखं शहर गाठावं लागतं, पुण्यात सर्टिफिकेट-डिप्लोमा होतात. पण हिशेबाची जोड नसेल तर मग भाषांतरं नाहीतर फोनवरची नोकरी. वाईट नाही, पण रात्रपाळी आणि आवाज बसेपर्यंत. मोठ्या कंपन्यांची मेक्सिको-कोलंबियाकडची बिलं इथे पुण्या-बंगळूरला बसून निस्तरली जातात, तिथे ज्याला 'देबे' आणि 'आबेर' म्हणजे नावे आणि जमा हे कळतं तो टिकतो. म्हणून कणा कॉमर्सचाच ठेवावा. आणि भाषा पहिल्या वर्षापासून, कारण ती तिसऱ्या वर्षी घाईघाईत येत नाही.

नव्या शैक्षणिक धोरणात मेजर-मायनर, म्हणजे मुख्य विषयाला जोडीचा दुसरा विषय, आलंय, कागदावर हे सगळं जमतं. भाची एका कॉलेजच्या खिडकीवर विचारायला गेली तर आतून प्रश्न आला, "अशी किती मुलं आहेत तुमच्याकडे?" ती म्हणाली, "मी आहे." खिडकी मिटली. समजा दिलंच, तर दोन क्रेडिटचा पेपर म्हणजे सेमिस्टरला तीस तास, सहा सेमिस्टरचे एकशे ऐंशी. तेवढ्यात ईमेल वाचता येईल, भाव पाडून मागणाऱ्याशी भांडता यायचं नाही. बाकीचे तास स्वतःचे घालावे लागणार.

परवा तिने बी.कॉम.चा फॉर्म भरला. स्पॅनिशचं बाहेरून चालू आहे, पुढल्या वर्षी डेले या स्पॅनिशच्या परीक्षेच्या ए2 पातळीला बसेन म्हणते. माझी जुनी कोटेशनं तिला दाखवली. लाल पेनाने तिने आठ चुका काढल्या, त्यातल्या पाच स्पॅनिशच्या आणि तीन सरळ हिशेबाच्या, त्या कुठल्याही भाषेत चुकाच. दुरुस्तीचे पैसे मागितले, दिले.

आता कामाचं. रत्नागिरीत, चिपळुणात, देवगडला मराठीतून स्पॅनिश शिकवू शकेल असं कुणी माहितीत असेल तर खाली लिहा किंवा निरोप टाका. त्याला बिलं-कागद समजत नसले तरी चालेल, ते मी पुरवतो, खरी, माझ्या चुकांसकट. पाच मुलं तयार आहेत, सहावा मी. जागा आमच्या कॅनिंगच्या ऑफिसात, पंखा आहे, चहा आमचा. फक्त एप्रिल-मेमध्ये जमायचं नाही.