लाइट गेल्यावर ऐकू येणारं गाणं

मागच्या महिन्यात सोलापुरात माझी भाची कॉलेजच्या गॅदरिंगला गायली. सोबतीला फक्त एक कीबोर्ड, तोही मैत्रीण वाजवत होती, ट्रॅक नाही, ढोलकी नाही. गाणं ब्रिटिश गायिका अॅडेलचं, 'समवन लाइक यू'. दुसरं कडवं येईपर्यंत मागनं "ट्रॅक लाव की बे" सुरू झालं, मग शिट्ट्या, आणि पोरगी गाणं अर्धवट टाकून खाली उतरली. त्या रात्रीपासून घरच्या ग्रुपवर जे चाललंय ते अजून थांबलेलं नाही. दाजी म्हणतात, बीट नसलेलं रडकं गाणं आपल्याकडं चालत नाही, पब्लिक बघून गाणं निवडायचं असतंय. पुण्यातला चुलतभाऊ म्हणतो, तिकडच्या लोकांना कळतं, आपल्या लोकांना कानच नाहीत. आणि दोघंही मला म्हणतात तू सांग, तू तिकडं राहतोस.

तर सांगतो. मला दोघांचंही पटत नाही.

हे गाणं गाजलं तेव्हा मी इंग्लंडात लेस्टरला नवीनच होतो, एका घरात पाचजण भाड्यानं राहायचो. १५ फेब्रुवारी २०११, लंडनच्या ओटू अरेनातला ब्रिट अवॉर्ड्सचा, म्हणजे इथल्या संगीत पुरस्कारांचा, कार्यक्रम टीव्हीवर लाइव्ह चालू होता. त्या काळात रेडिओ लावला की सगळा धडाम धडाम डान्सचा बीट, आणि इथं ही २२ वर्षांची पोरगी, अॅडेल, उभी, शेजारी पियानो, बाकी काही नाही. आमच्यातला पोलंडचा एकजण वेअरहाउसची शिफ्ट करून आलेला, तो सूपचा चमचा हातात धरून गाणं संपेपर्यंत तसाच उभा राहिला, सूप गार झालं. त्याचं इंग्रजी माझ्याहून कच्चं, त्याला शब्द किती कळले देव जाणे. त्यानंतर लगेच गाणं ब्रिटनमध्ये एक नंबरवर गेलं, सप्टेंबरात अमेरिकेतही गेलं. नोव्हेंबरात तर 'सॅटरडे नाइट लाइव्ह' या अमेरिकन कॉमेडी शोवाल्यांनी ऑफिसातले लोक हे गाणं लावून मनसोक्त रडतात असं एक स्किटच केलं. म्हणजे दाजी, बीट नसलेलं गाणं चालतंय. पण आमच्या चुलतभावाला वाटतं तसं इथल्या लोकांचे कान काही वेगळे आहेत असंही नाही, शनिवारी रात्री पबच्या बाहेर उभं राहून बघा, हेच गाणं हीच माणसं गळ्यात गळे घालून बोंबलत असतात. त्या रात्री हजारो लोक गप्प बसले कारण त्यांना गप्प बसता येईल अशी व्यवस्था होती, स्टेज रिकामं, बँड नाही, आणि गळ्यातली थरथर सुद्धा शेवटच्या रांगेपर्यंत जाईल असा साउंड लावलेला.

भाचीच्या गॅदरिंगचा व्हिडिओ मी चारदा बघितला. उघडं मैदान, बाजूला जनरेटर, आणि डान्सच्या आयटमसाठी आणलेले बॉक्स, बेस तसाच फुल ठेवलेला. कीबोर्डच्या खालच्या पट्ट्या दाबल्या की नुसता गडगडाट व्हायला लागलेला आणि माइकवर एवढा एको की तिचा एक शब्द संपायच्या आत दुसरा त्याच्यावर चढतोय. असं गाणं सुरांच्या मधल्या जागेवर उभं असतं आणि ती जागाच तिथं कुणी ठेवली नव्हती. पोरांना काय दोष द्यायचा?

आपल्या लोकांना कान नाहीत हे तर मी ऐकूनच घेणार नाही. मी सोलापूरच्या पूर्व भागात वाढलोय, गल्लीत घरटी लूम, म्हणजे कापड विणायचे माग. सकाळपासून खटखट खटखट, आई जेवायला हाताच्या खुणेनं बोलवायची. शेजारी एक तेलुगू अव्वा, म्हणजे आजी, होत्या, मांडीवर पाखडायचं सूप घेऊन दिवसभर विड्या वळायच्या आणि वळता वळता काहीतरी म्हणायच्या, पण ते कुणाला ऐकू जायचं नाही. लाइट गेली की सगळे लूम एका झटक्यात थांबायचे आणि तेवढ्यात अव्वांचा आवाज गल्लीभर यायचा, बारीक, खरखरीत, एकाच सुराभोवती फिरणारा. लूमवरची माणसं बाहेर ओट्यावर येऊन बसायची, तंबाखू मळायची, कुणी काही बोलायचं नाही. आम्हा मराठी घरांना त्यातला शब्द कळत नव्हता, आई तरी दारात येऊन उभी राहायची. लाइट आली की संपलं.

म्हणून सोलापुरात डीजे बंद करायचा का नाही यावर जे भांडण चालतं त्यात मी बंदच्या बाजूनं आहे आणि उघड आहे. परदेशात राहून शांततेची चटक लागली म्हणून नाही, उलट इथली शांतता कधी कधी खायला उठते, रविवारी दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. मला आवाज पाहिजे, हलगी पाहिजे, लेझीम पाहिजे. एका हलगीवर शंभर पोरं लेझीम खेळतात, त्याला तरी कुठं मोठा बँड लागतो? आवाजाचा नियम २००० सालापासून आहे, राहत्या वस्तीत दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५, आणि रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद. तो पाळा म्हणलं की आमच्या ग्रुपवर लगेच संस्कृती निघते. पण अव्वांचं गाणं पण सोलापूरचीच संस्कृती होती की.

भाची आता म्हणते पुढच्या वर्षी ट्रॅकवरच गाते. नको गं बाळा. दिवाळीला मी येतोय, आपल्या माडीवर सतरंजी टाकू, माइक नको, दाजींना पुढं बसवू, आणि राहिलेलं कडवं तिथं म्हण.