मशरूमी किंगडम हे मारिओने मारलेलं राज्य नाही

गेल्या आठवड्यात माझा भाचा मारिओ खेळता खेळता मध्येच थांबला आणि म्हणाला, "मावशी, विटेत माणूस असतो का गं?"

नऊ वर्षांचा आहे तो. 1985चा मूळ सुपर मारिओ ब्रदर्स हा व्हिडिओ गेम मीच त्याला शिकवला. त्या दिवशी तो पहिलीच लेव्हल, 1-1, खेळत होता आणि काहीतरी विचित्र करत होता. प्रश्नचिन्हाच्या ठोकळ्यातून मशरूम बाहेर आलं की तो पळायचा. ते मशरूम उजवीकडे घरंगळतं, पाइपला आपटतं आणि उलटं फिरून थेट खेळाडूच्या अंगावर येतं. हा त्याच्यावरून उडी मारायचा, पण घ्यायचा नाही. तीनदा बघितल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मशरूम घेतलं की मारिओ मोठा होतो, आणि मोठा मारिओच विटा फोडू शकतो. लहान मारिओने टक्कर मारली तर वीट नुसती हलते. चुकूनही आपल्या हातून वीट फुटू नये म्हणून पोरगं मुद्दाम लहान राहत होतं.

कारण विचारलं तेव्हा त्याने एक व्हिडिओ दाखवला. आमच्या घरच्या ग्रुपवरही तो दोघांनी टाकलेला निघाला, एकाने तर खाली "विचार करायला लावणारं" असं लिहून. व्हिडिओचं म्हणणं थोडक्यात असं: सुपर स्मॅश ब्रदर्स ब्रॉल या फायटिंग गेममध्ये मशरूमी किंगडम नावाची स्टेज, म्हणजे लढाईचं मैदान, आहे. ती म्हणजे हुबेहूब 1-1, पण ओसाड, वाळूने भरलेली. म्हणजे मारिओचं राज्य मेलं. मेलं कारण विटांमध्ये तिथली प्रजा कोंडलेली होती आणि मारिओने ती एकेक करून फोडली. आणि ही स्टेज म्हणजे गेम बनवणाऱ्या निन्टेंडो कंपनीचा गुपचूप कबुलीजबाब. वर ढग-झुडपं, "मायनस वर्ल्ड" आणि स्पर्धांमधली बंदी असा मालमसाला.

आधी स्टेजबद्दल बोलू, कारण सगळा डोलारा तिच्यावर उभा केलाय.

स्टेज तशी दिसते हे खरं आहे. ते मी नाकारत नाही. ब्रॉल आला 31 जानेवारी 2008 रोजी, वी कन्सोलवर, आणि ही स्टेज पहिल्यांदा लागली तेव्हा मलाही चुटपुट लागली होती. ठोकळे, पाइप, खड्डे, शेवटच्या पायऱ्या, सगळं लहानपणापासून पाठ असलेल्या जागीच, पण रंग उडालेला, हिरवळ नाही, सगळीकडे मातकट धुरळा. ज्याचं बालपण त्या निळ्या आभाळाखाली गेलंय त्याला ते टोचणारच. इथपर्यंत व्हिडिओवाल्याशी माझं भांडण नाही.

पण जुनाट दिसणं म्हणजे मेलेलं असणं, हे कुठून आलं? या स्टेजचं जपानी नाव बघितलं असतं तरी पुढचं सगळं टळलं असतं. पहिल्या स्मॅश ब्रदर्समध्ये, म्हणजे 1999 मध्येच, सुपर मारिओ ब्रदर्सवरची एक स्टेज होती. इंग्रजीत ती मशरूम किंगडम. जपानीत तिचं नाव "इनिशिए नो ओउकोकु", म्हणजे पुरातन राज्य. आणि ती चांगली रंगीत, टवटवीत होती. पुरातन एवढ्यासाठीच की मूळ गेम जुना. ब्रॉलमध्ये त्याच नावाला "प्पोई" हा प्रत्यय लागला: "इनिशिए-प्पोई ओउकोकु". काळ्याचं काळसर, गोडाचं गोडसर व्हावं तसं ते "पुरातनसं राज्य" झालं. इंग्रजीतल्या "मशरूम"चं "मशरूमी" झालं तेही त्याच धर्तीवर. जुन्या स्टेजच्या नावाला दिलेली ही एक हलकीशी मुरड आहे. तिच्यात कबुलीजबाब शोधणाऱ्याने निदान नाव तरी नीट वाचायला हवं होतं.

शिवाय ती बनवली कोणी? व्हिडिओत मियामोतोंचा फोटो लावून "निर्मात्याचा पश्चात्ताप" म्हटलंय. ब्रॉलचे दिग्दर्शक मासाहिरो साकुराई आहेत. 1985चा गेम शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांचा. एकाने केलेल्या स्टेजमधून दुसऱ्याचा पश्चात्ताप कसा काढायचा? आणि स्मॅश हा मारिओच्या जगाचा इतिहास कधीच नव्हता. पहिल्या स्मॅशच्या सुरुवातीलाच एक हातमोजा खेळण्यातल्या बाहुल्या टेबलावर मांडतो. ब्रॉलच्या कथेत हरलेला लढवय्या पुतळा होऊन पडतो. ही खेळण्यांची लढाई आहे हे गेम स्वतःच सांगतो. राज्य मेलं म्हणायचं तर 2017च्या सुपर मारिओ ओडिसीत मुख्य कथा संपल्यावर आपण राजकन्या पीचच्या किल्ल्यापाशी जातो ते कुठलं राज्य? तिथे हिरवळ आहे, टोड, म्हणजे तिथले मशरूम लोक, फिरतायत.

याच स्टेजचं दुसरं रूप 1-2चं आहे, जमिनीखालचं. व्हिडिओत ते एकदाही दाखवलेलं नाही.

आता विटा. भाच्याने ज्याच्यासाठी खेळ थांबवला तो मुद्दा.

व्हिडिओत एक वाक्य आहे: वीट फुटली की 50 गुण मिळतात, "ही एका माणसाच्या जिवाची किंमत". लहान मुलं बघणार हे माहीत असताना असं वाक्य उच्चारायला काहीच कसं वाटत नाही? 50 गुण मिळतात हे खरं. बाकीचं त्याने अर्धं पान वाचून रचलंय.

ते पान खरं आहे, हेही सांगून टाकते. गेमच्या इंग्रजी कार्ट्रिजबरोबर, म्हणजे कॅसेटबरोबर, जी पुस्तिका यायची तिच्यात सुरुवातीला गोष्ट दिली आहे. काळी जादू येणाऱ्या कूपा जमातीने राज्यावर हल्ला केला आणि तिथल्या शांत मशरूम लोकांना दगड, विटा आणि रानातली झुडपं करून टाकलं. राज्य उद्ध्वस्त झालं. म्हणजे विटांमध्ये लोक आहेत ही गोष्ट कोणी हवेतून काढलेली नाही. मला ती नसती तर बरं वाटलं असतं, पण आहे. आणि एक लक्षात घ्या: राज्य उद्ध्वस्त झालं ते गोष्टीच्या सुरुवातीला, कूपांच्या हातून. मारिओ तेव्हा आलेलाही नव्हता.

पण व्हिडिओवाला तिथेच थांबला. त्याच परिच्छेदात पुढे लिहिलंय की ही जादू फक्त एक व्यक्ती उतरवू शकते, मशरूम राजाची मुलगी, राजकन्या टोडस्टूल, म्हणजेच पीच, आणि तीच कैदेत आहे. म्हणजे मारिओ धावतोय कशासाठी? तिला सोडवायला, म्हणजे ती त्या लोकांना सोडवेल. ज्या गोष्टीत मारिओ प्रजेला वाचवायला निघालाय, त्याच गोष्टीचं नुसतं पहिलं वाक्य उचलून त्याला खुनी ठरवलंय.

आणि याच पुस्तिकेत आणखी एक जागा आहे, जी मी भाच्याला दोनदा वाचून दाखवली. मारिओचे मित्र कोण, हे सांगताना तिथे म्हटलंय की विटा झालेले किंवा अदृश्य केलेले मशरूम तुला भेटले, तर ते तुला शक्ती देऊन तुझे उपकार फेडतात. म्हणजे विटेतला माणूस मारिओवर चिडलेला नाही. तो मदत करतो.

आता हे गेममध्ये ताडून बघा, कोणालाही बघता येईल. ज्या विटेत काही आहे, मग ते नाणं असो, मशरूम असो की तारा, ती वीट फुटत नाही. मारिओ कितीही मोठा असो. टक्कर मारली की आतली वस्तू बाहेर येते आणि आतलं संपलं की वीट बदलून घट्ट ठोकळा होते. तो ठोकळा पुन्हा कधीच हलत नाही. 1-1 मध्येच अशी एक वीट आहे जिच्यातून नाणी निघत राहतात, आणि तिच्या पुढे थोड्या अंतरावर एक आहे जिच्यातून तारा येतो. फुटतात त्या फक्त रिकाम्या विटा. शक्ती देणारे मित्र विटांमध्ये आहेत असं पुस्तिका म्हणते, आणि शक्ती देणारी एकही वीट गेम तुम्हाला फोडू देत नाही.

यावर कोणी म्हणेल की रिकाम्या विटाही कुणीतरी असतील. पुस्तिका वीट न् वीट मोजून सांगत नाही, हे मान्य. तेवढी फट त्या गोष्टीत राहिलीच आहे. पण त्या फटीतून "मारिओने राज्य संपवलं" एवढं मोठं काही बाहेर काढता येत नाही, आणि नऊ वर्षांच्या मुलाला रात्री त्याचा विचार करत झोपायला तर अजिबात लावता येत नाही.

बाकीचे मुद्दे भराभर. ढग आणि झुडपं एकाच आकाराची आहेत, "कारण आभाळ कोसळून जमिनीत गाडलं गेलं". आकार एकच आहे हे बरोबर, एक पांढरा, एक हिरवा. कारण अख्खा गेम 40 किलोबाइटच्या कार्ट्रिजमध्ये बसवायचा होता. आज मोबाइलवर काढलेला साधा फोटोही त्याच्या कितीतरी पट मोठा असतो. तेच चित्र रंग बदलून दोनदा वापरणं ही त्या वेळची हुशारी होती, आणि मला ती आजही आवडते.

मायनस वर्ल्ड हा "मेलेल्यांचा प्रदेश" नाही. 1-2च्या शेवटी भिंतीतून घुसून वॉर्प झोनच्या, म्हणजे थेट पुढच्या जगांत नेणाऱ्या जागेच्या, पाइपमध्ये चुकीच्या क्षणी शिरलं की गेम जगाचा आकडा 36 वाचतो, आणि गेमच्या चित्रांच्या यादीत 36 क्रमांकाच्या चौकटीत चित्रच नाही, ती कोरी आहे. म्हणून पडद्यावर नुसतं "-1" दिसतं. कार्ट्रिजवर ती एक न संपणारी पाण्यातली लेव्हल आहे. प्रोग्रॅममधला दोष, एवढंच.

स्टेज आपोआप सरकते, मागे राहिलेला मरतो, "काळ सगळ्यांना गिळतो". आपोआप सरकणाऱ्या स्टेज स्मॅशमध्ये आधीही होत्या. 2001च्या "सुपर स्मॅश ब्रदर्स मेली" या गेममधली रेनबो क्रूझ घ्या, रंगीबेरंगी, आनंदी, आणि मागे राहिलात तर तिथेही मरता. मूळ 1-1 मध्येही एकदा पुढे गेलं की पडदा मागे सरकत नाही. स्पर्धांमध्ये ही स्टेज चालत नाही तीही याच कारणाने: जमीन पायाखालून सरकत असताना सामन्याचा निकाल कौशल्यापेक्षा नशिबावर जातो. शापबिप काही नाही.

ज्यांनी हा व्हिडिओ पुढे पाठवला त्या दोघांना मी पुस्तिकेतला पूर्ण परिच्छेद पाठवलाय. एकाने व्हिडिओ काढून टाकला. दुसऱ्याने "अगं, मजा म्हणून" असं उत्तर दिलं. त्याला मी परत लिहिलं की ज्याच्या हातातून खेळ सुटला त्याला ती मजा वाटलेली नाही, त्याच्याशी बोल.

भाच्याला समजावताना वाचून दाखवण्यापेक्षा कंट्रोलर जास्त कामी आला. मी मशरूम घेतलं, मोठी झाले, आणि ताऱ्याच्या विटेखाली उभी राहिले. तो अगदी पडद्याला नाक लावून बसला होता. टक्कर मारली. वीट फुटली नाही. तारा उडत बाहेर आला, संगीत बदललं, मारिओ चमकायला लागला. "दिली त्याने," तो म्हणाला. मग कंट्रोलर मागून घेतला आणि लेव्हल पहिल्यापासून लावली. या वेळी मशरूम पाइपला आपटून परत आलं तेव्हा तो जागचा हलला नाही. मोठा झाला. आता तो प्रत्येक विटेला आधी खालून टक्कर मारून बघतो, कोण देतंय आणि कोण नाही. रिकामी फुटली की एक क्षण थांबतो आणि पुढे जातो.