दिव्याखाली अंधार

पुन्हा तेच! माझ्या मॉडेल रेल्वेचं इंजिन झकास पळतंय, हॉर्न वाजतोय, फक्त पुढचा दिवा बंद. पुण्यात तापकीर गल्लीत, त्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, स्कूटर लावायला जागा शोधण्यात अर्धा तास घालवून दिव्याच्या एलईडीसाठी १ किलोओहमचे रेझिस्टर आणले. डिकोडरची (इंजिनातली, कंट्रोलरचे हुकूम पाळणारी चिप) निळी वायर कॉमन प्लस, पांढरी पुढच्या दिव्याची, पिवळी मागच्या, झोपेतही पाठ. तरी एलईडीचा लांब, म्हणजे प्लसचा पाय निळीऐवजी पांढरीला जोडणारा महाभाग मीच! उलटा केला, पेटला. आणि आता वेग वाढवला की दर टप्प्याला लुकलुक, गणपतीच्या माळेसारखी. सगळं सोल्डरिंग उकरलं, बोट भाजलं. दोष कुठे? सीव्ही २९ मध्ये, म्हणजे डिकोडरच्या एका सेटिंगमध्ये! डिकोडर वेगाच्या १४ टप्प्यांवर, कंट्रोलर २८ वर. वायरिंग बिचारं निर्दोष. आई म्हणते, "खेळण्यापायी जेवण निवलं." खेळणं म्हणे!