घरी येणारा डॉक्टर आणि न भरणारी जखम

सध्या आमच्या फॅमिली ग्रुपवर एकच विषय चाललाय, म्हाताऱ्या माणसांच्या न भरणाऱ्या जखमांसाठी दवाखानाच गाडीतून घरी यायला हवा, अमेरिकेत बघा कसे डॉक्टर बॅग घेऊन घरी येतात आणि आपल्याकडे डायबेटिसचा सुजलेला पाय घेऊन माणूस ओपीडीच्या लाइनीत उभा. मागणी शंभर टक्के बरोबर आहे. पायावर भार टाकू नका असं ज्याला बजावलंय त्यालाच ड्रेसिंगसाठी जिने उतरायला लावायचे हा शुद्ध छळ आहे. पण अमेरिकेत बघा म्हणताय तर नीट बघा, मी इथे राहते म्हणून सांगते.

इथे पासष्टीपुढच्यांना मेडिकेअर म्हणजे सरकारी विमा असतो. जखमेवर लावायला स्किन सबस्टिट्यूट (त्वचेला पर्याय) नावाचे तुकडे मिळतात, त्यातले बरेचसे बाळंतपणात पडलेल्या वारेच्या पडद्यापासून बनवतात, आणि मेडिकेअर त्याचे पैसे चौरस सेंटीमीटरवर द्यायचं. आता सांगा, जखम जितकी मोठी आणि जितके दिवस रेंगाळेल तितकं बिल मोठं, मग लवकर भरावी असं कोणाला वाटणार? या तुकड्यांवरचा मेडिकेअरचा खर्च २०१९ मध्ये सुमारे २५ कोटी डॉलर होता तो २०२४ मध्ये १००० कोटींच्या वर गेला. घरोघरी जाऊन जखमा बघणाऱ्या कंपन्याही याच काळात जोरात वाढल्या. जून २०२५ मध्ये सरकारी वकिलांनी देशभर जे खटले भरले त्यात ॲरिझोनातला या तुकड्यांच्या बिलांचा शंभर कोटी डॉलरच्या वरचा मामला होता, आणि आरोप काय तर शेवटच्या दिवसात असलेल्या, हॉस्पिसमधल्या पेशंटनासुद्धा गरज नसताना हे लावले. शेवटी जानेवारी २०२६ पासून बहुतेक तुकड्यांना सरसकट एकच रेट ठरवला, चौरस सेंटीमीटरला १२७ डॉलरच्या आसपास. गाडी दारात येत होतीच की, कशासाठी येत होती ते महत्त्वाचं.

चांगलं काम करणारेही आहेत हं, नाही म्हणणार नाही. आमच्या बिल्डिंगमधल्या एका काकांच्या घोट्याच्या आतल्या बाजूला जखम होती, कडा पांढऱ्या फटक आणि फुगलेल्या, पट्टी सोडली की वास. त्यांच्याकडे जी नर्स यायची ती आल्या आल्या जखमेकडे बघायचीच नाही, आधी काकांची चप्पल, खुर्ची, रात्री पाय कुठे ठेवता हे सगळं विचारायची. मग कागदी पट्टी लावून फोटो, लांबी रुंदी, कापसाची काडी आत घालून खोली, सगळं तारखेसकट लिहायचं. पहिल्याच दिवशी तिने हातातल्या छोट्या डॉपलरने, म्हणजे रक्ताचा प्रवाह ऐकवणाऱ्या यंत्राने, घोट्याचं आणि दंडाचं प्रेशर ताडून बघितलं. कारण काकांना गरज होती घट्ट बँडेजची, शिरांमध्ये रक्त साचून झालेली जखम दाबाशिवाय भरत नाही, पण धमनीच तुंबलेली असेल तर तेच घट्ट बँडेज पाय घालवू शकतं. हे बघायला गाडी लागत नाही, बॅगेत मावेल एवढं यंत्र आणि ते वापरता येणारं माणूस लागतं.

आणि हे अमेरिकेकडूनच शिकण्यासारखं आहे असंही नाही. डायबेटिसच्या तळपायाच्या जखमेवर भार येऊ नये म्हणून इथे जो प्लास्टर घालतात, टोटल कॉन्टॅक्ट कास्ट, त्याचं बरंचसं काम आपल्या वेल्लोरला सर्जन डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरोग्यांच्या पायांवर केलं आणि मग ते अमेरिकेत आले. एमसीआरची (बारीक छिद्रांच्या रबराची) मऊ चप्पल आपल्याकडे कुष्ठरोगाच्या दवाखान्यात किती वर्षं मिळतेय. केरळात तर २००८ पासून सरकारी पॅलिएटिव्ह केअर (बऱ्या न होणाऱ्या आजारात त्रास कमी करायची सेवा) धोरण आहे, पंचायतीच्या पैशातून नर्स घरी जाते, अंथरुणाला खिळलेल्यांचे बेडसोर धुते आणि घरच्यांना कूस कशी बदलायची ते शिकवते. वासासाठी मेट्रोनिडॅझोलची गोळी कुटून जखमेवर टाकतात, स्वस्तातलं काम आणि उपयोगी. आपल्या ग्रुपवर केरळचं नाव कोणी काढत नाही, अमेरिकेचं मात्र लगेच.

आपल्याकडे मोबाइल मेडिकल युनिट आहेत, पण ती गाडी बीपी, शुगर, गोळ्या करून पुढच्या गावाला जाते आणि अशा जखमेला तोच माणूस दर आठवड्याला लागतो. शहरात खासगी होम नर्सिंगवाले येतात, व्हिजिटचे पैसे घेतात, पुष्कळदा हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस काढून रोजच्या रोज धुतात (त्याने नवी येणारी त्वचाही मरते हो), आणि माप कोणीच घेत नाही. म्हणजे अमेरिकेत सेंटीमीटरवर पैसे, भारतात व्हिजिटवर, जखम भरल्याचे कुठेच नाहीत.

म्हणून मागायचंच असेल तर गाडी मागू नका. ठरलेली नर्स, डॉपलर, मोजपट्टी आणि वर बोलायला एक सर्जन मागा. डायबेटिसच्या पायाची जखम चार आठवड्यांत निम्म्यावर आली नाही तर ती अशीच भरण्याची शक्यता कमी, त्या दिवशी ड्रेसिंग बदलत बसायचं नाही, पेशंटला उचलून रक्तवाहिन्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं, आणि तसं पुढे पाठवायच्या चिठ्ठीवर सही करायचा अधिकार त्या नर्सलाच पाहिजे.